काठीला राहिलेला सुभेदार

डोंगरातल्या काठी गावची होळी पाहायला लांबलांबून लोक जातात. मी अंगात घालायचा एक कोट पाहायला गेले. होळीचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. ती पेटली तेव्हा मी झोपले होते.

कोट कोणाचा, ते आधी सांगते. मी शिपाई रंगवते. लाकडाचे, वीतभर उंचीचे. धाकटा दीर बसऱ्याच्या लढाईवरून परत आला तेव्हा पोरांसाठी मुंबईहून शिशाच्या शिपायांची पेटी घेऊन आला. पोरांनी आठवड्यात त्यांचे हातपाय मोडले. मी ते जोडत बसले, उडालेला रंग दिला, आणि मग ते काम सुटलंच नाही. आता गावच्या सुताराकडून पांगाऱ्याच्या लाकडाचे करून घेते आणि खारीच्या शेपटीच्या केसांनी रंगवते. धानोऱ्यातल्या बायका म्हणतात, म्हातारी बाहुल्या खेळते. बाहुलीला काहीही नेसवलं तरी चालतं. शिपायाचं बटण चुकलं तर तो शिपाई राहत नाही, सोंग होतो.

माझे शिपाई जुन्या भिल्ल पलटणीचे आहेत. इंग्रज साहेबानं डोंगरातल्या माणसांची ती पलटण उभी केली होती. ती माझ्या माहेरच्या आमराईत उतरायची आणि माझे आजोबा तिला दूध घालायचे. आजोबा सांगायचे, कोट लाल. मी लाल रंगवले.

माझे व्याही नंदुरबारला राहतात. थोरल्या मुलीचे सासरे. त्यांनाही हाच नाद, फक्त ते विकत आणतात. विलायती, शिशाचे, काचेच्या कपाटात. हात लावू देत नाहीत. दर रामनवमीला ते आपलं सगळं सैन्य चौकात पाटांवर मांडतात आणि निम्मं गाव बघायला येतं. यंदा मधला पाट माझ्या पलटणीला द्यायचा, असं मुलीनं मध्ये पडून ठरवून घेतलं होतं. त्याआधी व्याही धानोऱ्याला आले आणि त्यांनी माझा सुभेदार हातात घेतला.

सुभेदार घोड्यावर आहे. घोडा आणि स्वार एकाच लाकडातून काढलेत, जोड नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. तो पुढं असला तर मागचे शिपाई पलटण दिसतात. तो नसला तर बाजाराला निघालेली माणसं दिसतात.

"याहीन," व्याही म्हणाले, "कोट हिरवा व्हता."

"लाल व्हता. मन्हा आजानी देखेल शे."

"मन्हा आजानीबी देखेल शे."

"तुम्हना आजाले मोतीबिंदू व्हता."

व्याही उठले. "पुरावा लई या. नही ते मन्हा उंटसना मांगे मांडा."

त्यांच्या उंटांचा पाट तुळशीच्या आडोशाला असतो. तिथं फक्त मांजर जातं.

हे सगळं हुन्या ऐकत होता. हुन्या काठीच्या बाजूचा. हरभरा-गव्हाच्या कापणीला दरवर्षी आमच्याकडे येतो आणि होळीला घरी परततो. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी मला मोठी माय म्हणतो. तो म्हणाला, "मोठी माय, तो कोट मन्हा बापजवळ शे. त्याना आजा पलटनमां व्हता, त्याना. होळीले घालस तो."

"कोन्ता रंगना शे?"

हुन्यानं बराच विचार केला. "जुना शे," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर निघाले. पेटीत सुभेदार, रंगाच्या पुड्या, सरस आणि कुंचले घेतले. खरा कोट समोर ठेवून त्याच्याशी रंग ताडून पाहायचा, आणि रामनवमीला व्याह्यांना गप्प करायचं, एवढंच काम होतं.

तळोदा

तापी उतरताना नावाड्यानं पेटीत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुभेदार. तो म्हणाला, "बसू द्या त्याले. पन दारू पेयेल नको." या नदीवर बहुतेक सगळे नावाडी विनोदी आहेत. नाव मात्र गळते.

तळोद्याला होळीचा बाजार होता. डोंगरातली माणसं गूळ, फुटाणे, साखरेचे हार आणि बांगड्या घ्यायला उतरली होती. आमच्याकडे बाजारात बाई नवऱ्याच्या मागून चालते. इथं बायका पुढं होत्या, नवरे ओझं घेऊन मागं. मला त्यात काही गैर दिसलं नाही. मी हिरव्या रंगाला लागणारी पिवळी हरताळ आणि नीळ घेतली नाही, कारण कोट लाल निघणार होता. मग पुन्हा मागं फिरून घेतली. का घेतली ते सांगता येत नाही. व्याह्यांचा आवाज कानात होता.

दुकानदारानं पेटी उघडून पाहिली आणि सुभेदार विकता का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग बाजारात कशाला आणला? त्याचं म्हणणं बरोबर होतं.

डोंगर

पुढं एका ठिकाणी बैलगाडी ठेवावी लागली आणि मला तट्टावर बसवलं. तट्टाचा मालक म्हणाला, जनावर गरीब आहे. ते खरं होतं. ते इतकं गरीब होतं की प्रत्येक चढावर थांबून मी उतरते का याची वाट पाहायचं. मी उतरायचे. अशा रीतीनं आम्ही दोघंही डोंगर पायीच चढलो. सुभेदार हुन्याच्या डोक्यावर होता.

पळस फुलले होते. लोक त्याचं फार कौतुक करतात. मी त्याचा रंग करून पाहिलाय, लाकडावर टिकत नाही.

दुपारी हुन्याच्या सोयऱ्याकडे जेवलो. मक्याची भाकर, उडदाची दाळ आणि लाल मिरचीचं वाटण. आम्ही खानदेशी माणसं तिखट खातो असा आमचा समज आहे. तो समज मी त्या घरात ठेवून आले. इकडं घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे भिंतीला भिंत, शेजाऱ्यानं शिंकलं तर आपण म्हणायचं देवा. मला इकडची पद्धत पटली. घरातली बाईही बाप्यांच्या बरोबरीनं बसून बोलत होती. आमच्याकडे ती दाराआडून बोलते. बोलते मात्र तेवढंच.

काठी

हुन्याच्या बापाचं नाव वेस्ता. घर काठीच्या अलीकडच्या पाड्यावर. माझ्यापेक्षा थोडा म्हातारा, पण चालतो भरभर. तो भिलीत बोलायचा, हुन्या मला आमच्या बोलीत सांगायचा. होळीचा नेम धरलेला होता म्हणून वेस्ता खाटेवर बसत नव्हता. मीही खाली बसले. पाहुणीनं खाटेवर बसावं आणि घरधन्यानं जमिनीवर, हे दिसायला बरं नाही.

कोट आढ्याला टांगलेला होता. चुलीच्या धुरानं काळा झालेला, कोपरावर गोधडीचा तुकडा, पाठीवर पोत्याचा. एक पितळी बटण मूळचं राहिलं होतं, बाकी ठिकाणी कवड्या होत्या. वेस्ता होळीला कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधतो आणि वर हा कोट घालतो. त्याचा बापही घालायचा.

मी कोट उजेडात नेला. लाल दिसेना. हिरवाही दिसेना. भाजलेल्या वांग्याचा दिसत होता.

"खिसाना झाकन उचलू का?" मी विचारलं.

हुन्यानं बापाला विचारलं. वेस्ता हसला. "तो म्हनस, पाहिजे ते देख. आतमां काही नही. मन्हा बापनीबी देखेल शे."

खिशाच्या झाकणाखाली ना धूर पोचला होता ना ऊन. तिथं कापड जसंच्या तसं होतं. विहिरीतल्या शेवाळासारखं गर्द हिरवं.

मी झाकण खाली सोडलं आणि पुन्हा उचललं. हिरवंच होतं.

"काय व्हयनं, मोठी माय?" हुन्या म्हणाला.

"काही नही. याहीना आजाले चांगलं दिसे."

आता दोनच वाटा होत्या. गप्प घरी जाऊन लाल सुभेदार मांडायचा आणि पुरावा मिळाला नाही म्हणायचं. किंवा रंग बदलायचा. पण लाल छान दिसतो म्हणून नव्हे, कोट तसा होता म्हणून मी तो लाल रंगवला होता. तसा नव्हता हे कळल्यावर तो ठेवणं म्हणजे बटण चुकलेलं माहीत असून मांडण्यासारखं. मी हरताळ आणि नीळ काढली. वेस्तानं खिशाच्या कडेचा एक धागा ओढून मला दिला, रंगाला रंग ताडायला. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून सुभेदाराचा कोट हिरवा केला. चांगला झाला. त्याचंच वाईट वाटत होतं.

रंग ओला होता. घरात धूर आणि कोंबड्या. बाहेर थोड्या अंतरावर एका झाडाखाली दगडांचा ओटा होता. तिथं सावली होती, वारा होता, आणि मातीचे घोडे रांगेनं ठेवलेले होते. पोटं मोठी, पाय ठेंगणे, पण बसक बरोबर. मला वाटलं कुंभारानं वाळत ठेवलेत. मी सुभेदार रांगेच्या टोकाला ठेवला, त्याचं तोंड वाऱ्याकडे केलं, आणि घरात येऊन जरा आडवी झाले.

उठून पाहते तर सुभेदाराच्या घोड्याला शेंदूर लावलेला, पुढं मोहाची दारू शिंपडलेली आणि फुटाणे ठेवलेले. येणाऱ्याजाणाऱ्या कुणीतरी नवा घोडा पाहून जे करायचं ते केलं होतं. कोटाला एक शिंतोडा लागला नव्हता. काम नीटनेटकं होतं.

मी सुभेदार उचलायला वाकले तर हुन्या ओरडत आला.

"मोठी माय, हात नको लावू! त्याले तठे काबर ठेवा?"

"सुकाडाले ठेवा."

"ती देवनी जागा शे. नवस फिटना की मानूस तठे घोडा देस."

"मी दिधा नही. नुसता ठेवा."

"तठे ठेवा म्हंजे दिधा."

"मंग कुंभारनी दुकान मांडेल शे अशी ती रांग काबर दिसस?"

हुन्यानं बापाला आणलं, बापानं पुजाऱ्याला. पुजारी म्हणजे भस्म-जटा असलेला कोणी नाही. वेस्ताच्याच वयाचा, शेतातून आलेला, हातात विळा असलेला माणूस. चारदोन बायकाही जमल्या. मी त्यांना सांगितलं, घोडा देवाचा असेल तर असू दे, पण वरचा स्वार माझा आहे. पुजाऱ्यानं सुभेदाराकडे वाकून बघितलं आणि विचारलं, हा उतरतो का? मला सांगावं लागलं की उतरत नाही, एकाच लाकडाचा आहे. हीच गोष्ट मी वर्षभर सगळ्यांना अभिमानानं सांगत आले होते.

पुजाऱ्यानं देवाला विचारलं. सुपात ज्वारीचे दाणे टाकायचे, चिमटीनं उचलायचे आणि जोडी-जोडीनं लावायचे. शेवटी एकटा दाणा उरला तर देव सोडतो, नाही तर नाही. एकटा उरला नाही. मी म्हटलं पुन्हा. पुन्हाही उरला नाही. मी जवळ बसून पाहत होते. त्यात लबाडी नव्हती, हीच अडचण होती.

रामनवमीचा मधला पाट माझ्या डोळ्यांपुढं आला, आणि त्यावर बाजाराला निघालेली माणसं.

मी उठायला लागले तर पुजाऱ्यानं मला बसायला सांगितलं. हुन्या म्हणाला, "तो इचारस, तू काय मांगेल व्हतं?"

"काहीच नही मांगेल."

वेस्तानं कपाळाला हात लावला. मग हुन्यानं मला समजावलं. माणूस आधी मागतो, देव देतो, मग माणूस घोडा देतो. मी उलटं केलं. घोडा आधी दिला आणि मागितलं काहीच नाही. आता देव माझ्या उपकाराखाली आला. देवाला असं ठेवून होळी कशी पेटवायची? त्याचं लक्ष लागायचं नाही. पावसाचं बघायचं सोडून तो म्हातारीनं काय मागितलं नाही याचाच विचार करत बसेल.

"मंग सोपं शे," मी म्हटलं. "मन्हा सुभेदार माले परत दे म्हना."

हुन्यानं ते सांगितलं. पुजाऱ्यानं विळा खाली ठेवला. एका बाईला हसू आवरेना. शेवटी पुजारी म्हणाला, दिलेली वस्तू सोडून दुसरं काही माग.

वेस्ताची बायको म्हणाली, नातू माग. मी म्हटलं, नातू पुष्कळ आहेत, शिपायांचे पाय तेच मोडतात. कुणी म्हणालं, पीक माग. पीक मुलगा बघतो आणि कुणाचं ऐकत नाही. तब्येत माग, असंही झालं. या वयात तब्येत मागायची म्हणजे पडक्या भिंतीला रंग देण्यासारखं. मी बसून विचार करत राहिले. ऊन कलायला लागलं, ढोल सुरू झाले, नाचणारे मोरपिसांचे टोप बांधायला लागले. वेस्ताला कोट घालायचा होता पण तो माझ्यासाठी थांबला होता. सगळा पाडा एका म्हातारीला काय पाहिजे ते कळायची वाट बघत होता. माझ्या घरी असं कधी झालं नाही.

मग मला सुचलं.

"मन्हा याही माले रामनवमीले 'मी सांगेल नव्हतं का' असं नको म्हनाले पाहिजे."

हुन्यानं मला दोनदा म्हणायला लावलं आणि मग पुजाऱ्याला सांगितलं. पुजाऱ्यानं काहीतरी विचारलं.

"तो इचारस, कितला दिन?"

"रामनवमीना एकच दिन पुरे."

पुजाऱ्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. काम लहान होतं. त्यानं देवाला सांगितलं, माझ्या हातावर गूळ ठेवला आणि विळा घेऊन गेला. वेस्तानं कोट चढवला. नाचताना पाहिला, चांगला दिसत होता. कोटाला भोपळे शोभतात.

होळी पहाटे पेटली म्हणे. तट्टाच्या दिवसापासूनची झोप राहिली होती. सकाळी राख गरम होती. जाताना मी ओट्याकडे गेले. सुभेदार रांगेच्या टोकाला उभा होता, पुढं बघत. इतक्या घोड्यांत स्वार असलेला तो एकटाच. उन्हात हिरवा चांगला दिसत होता. मी त्याला हात लावला नाही.

नंदुरबार

घरी आल्यावर बाकीच्या शिपायांचे कोट हिरवे केले. रामनवमीला ते मधल्या पाटावर मांडले आणि पुढं सुभेदाराची जागा मोकळी ठेवली. दिसत होते मी सांगितलं तसेच. एकाच्या हातात बंदुकीऐवजी पिशवी दिली असती तरी चाललं असतं.

व्याही बाहेर आले. त्यांच्या तोंडाला हनुवटीपासून डोक्यापर्यंत उपरणं बांधलेलं होतं आणि एक गाल भोपळ्याएवढा झाला होता. मुलगी म्हणाली, दाढ काल काढली, मामंजींना तोंड उघडता येत नाही. मी याला देवाचं काम म्हणणार नाही. व्याह्यांना दिवसातून पाच वेळा गूळ खायची सवय आहे. पण नाहीही म्हणणार नाही.

व्याह्यांनी हिरवे कोट पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी कनवटीला ठेवलेला वेस्ताच्या कोटाचा धागा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि लोकांसमोर मोठ्यानं सांगितलं, "हिरवा व्हता. तुम्हना आजाले चांगलं दिसे."

व्याह्यांचे डोळे केवढे तरी मोठे झाले. त्यांनी तोंड उघडायला घेतलं, गाल धरला आणि मिटलं. पुन्हा उघडायला घेतलं. तेही जमलं नाही. लोक वाट बघत होते. मीही थांबले, कुणी म्हणू नये की बोलू दिलं नाही.

मग व्याह्यांनी मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. सुभेदार कुठं, असं विचारत होते. मी म्हटलं, "काठीले नोकरी लागनी त्याले." आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, तट्टापासून सुपातल्या दाण्यांपर्यंत. काय मागितलं तेवढं सोडून. एवढी वर्षं सोयरीक झाली, पण मी सुरू केलेली गोष्ट त्यांनी मध्ये न तोडता ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

गोष्ट संपली तसे ते आत गेले. काचेचं कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते त्यांचा सगळ्यात मोठा शिशाचा साहेब घेऊन, घोड्यावर बसलेला, गुलाबी तोंडाचा, लालभडक कोटाचा. तो त्यांनी माझ्या पलटणीच्या पुढं मोकळ्या जागेत ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. माझी पलटण, पुढारी त्यांचा. बोलता येत नसलं तरी माणूस जिंकल्याचं कळतं.

साहेब तिथं उंचीला बरोबर बसत होता. मी मुलीला पेटी आणायला सांगितली. हरताळ-निळीचा हिरवा उरला होता. पाटाशी बसले आणि साहेबाचा कोट रंगवायला घेतला.

व्याही पुढं धावले.

"याही," मी म्हटलं, "हिरवा तुम्हीच सांगेल व्हता."

ते जागच्या जागी थांबले. लोकांनी माना डोलावल्या. शिशावर रंग छान चढतो, लाकडासारखा पीत नाही. कोट झाल्यावर मी तांबडी काव आणि काजळ कालवलं आणि गुलाबी तोंडाकडे वळले. भिल्ल पलटणीचा सुभेदार गुलाबी नसतो.

व्याही हूं हूं करत होते. मी ते हो असं धरलं.